घडीचा लॅम्पशेड: कोटेशन देण्याआधी हे गणित करा

व्हिडिओमध्ये आपण ओरिगामी पद्धतीचा लॅम्पशेड बनवून बघितला. इथे बघू त्याचा हिशोब, कारण ऑर्डर मिळूनही पैसे का उरत नाहीत, याचं उत्तर बऱ्याचदा घडीतच असतं.

आधी एक उदाहरण. डेन्मार्कचे आर्किटेक्ट येन्सेन-क्लिंट यांनी स्वतःच्या केरोसीनच्या दिव्यासाठी घड्या घालून कागदी शेड केली. घरच्यांनी ती कला जपली आणि १९४३ मध्ये त्यांच्या मुलाने ‘ले क्लिंट’ ही कंपनी काढली. आजही त्यांच्या शेड्स हाताने घडी घालून बनतात. साध्या कागदाला किंमत आली ती घडीमुळे.

घडी काय देते?
सपाट कागद उभा धरला की वाकतो. त्यालाच वर-खाली, वर-खाली घड्या घाला, तो ताठ उभा राहतो. म्हणजे आतला सांगाडा कमी लागतो. शिवाय मिटवून पॅक करता येतो, त्यामुळे पाठवणं स्वस्त पडतं.

घडी काय घेते?
रुंदी! आणि इथेच कॉस्टिंग चुकतं.
- घडीचा कोन ९०° असेल तर तयार रुंदीच्या सुमारे १.४१ पट कागद लागतो.
- कोन ६०° असेल तर बरोबर दुप्पट.

कोन मोजायला कोनमापक नको. २ सेंमीच्या पट्ट्या असतील आणि दोन शेजारच्या टोकांमधलं अंतरही २ सेंमी भरलं, तर कोन ६०°.

आता १० इंच व्यासाची शेड घ्या. घेर ३१.४ इंच. ६०° घडीसाठी ६३ इंच कागद, अधिक चिकटवायला १ इंच. एवढा लांब कागद मिळत नसेल तर जोड आतल्या घडीवर घ्या, दिसत नाही. बल्ब मात्र एलईडीच वापरा आणि तो कागदाला टेकू देऊ नका.

किंमत कशी काढायची?
समजा कागद ६० रुपये, रिंग-होल्डर-वायर १४० रुपये आणि कामाला २ तास. तासाचे १०० रुपये धरले तर खर्च झाला ४०० रुपये. पण बरेच जण स्वतःची मजुरी धरतच नाहीत. ३५० ला विकतात आणि १५० रुपये नफा झाला म्हणून खूश होतात. प्रत्यक्षात ५० रुपये तोटा! अशा २० शेड्सची ऑर्डर आली तर तोटा १,००० रुपये, आणि वर ४० तासांची मेहनत.

आजचा गृहपाठ
२८ सेंमी लांब पट्टी कापा, २-२ सेंमीवर घड्या घाला आणि १४ सेंमीत बसवा. घड्याळ लावून वेळ मोजा. तुमचा रेट त्या वेळेवरून ठरवा, शेजारच्या दुकानातल्या किमतीवरून नाही.