'ए.कु.मॅ.' वाचता येणारा वकील

"आमची मुलगी चारचौघांत तोंड उघडत नाही, ती कसली वकील होणार?" निकालाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. पालकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला वकील असतो, दुसरं काय! पण जमीन, धंदा आणि मृत्युपत्रं यांचं काम करणारे कित्येक वकील महिनोन्‌महिने न्यायाधीशांपुढे उभेच राहत नाहीत. त्यांचा सगळा दिवस कागद वाचण्यात जातो.

जमीन घेण्याआधी वकील सहसा मागच्या 30 वर्षांचा शोध घेतो. सातबारा, फेरफार, दुय्यम निबंधकांकडची सूची क्रमांक 2. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं की जाणता माणूस सावध होतो. एकत्र कुटुंब मॅनेजर! नाव थोरल्याचं असलं, तरी धाकट्यांचे हिस्से त्याच्या मागे दडलेले असू शकतात. एकट्या थोरल्याच्या सहीवर खरेदीखत केलं, तर उद्या पुतणे दावा लावतील. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नोंद झाली तेव्हा मालक सज्ञान नव्हता. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा निघतो, कधी कुळाचं नाव निघतं. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला, त्यामुळे बहिणींची हक्कसोडपत्रं आहेत का, हे बघावंच लागतं.

म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगतो. "मराठी बोलता येतं, पण वाचायला जड जातं" असं म्हणणाऱ्या मुलांनी या वाटेला येण्याआधी मराठी पक्कं करावं. मोडी येत असेल तर सोन्याहून पिवळं.

मृत्युपत्र वरवर सोपं दिसतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साक्षीदार मात्र दोन हवेत. खरी गोम शब्दांत असते. 'माझ्या पश्चात सर्व मिळकत पत्नीस व तिच्या पश्चात मुलास' असं लिहिलं, तर पत्नीला ते घर विकता येईल का? या एका वाक्यावर घरं वर्षानुवर्षं भांडतात. गोव्यात तर वारशाचा कायदाच निराळा. मुलं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते.

धंद्याच्या कामात भागीदारीपत्रं, भाडेकरार, कंपनीचे कागद येतात. तिथे इंग्रजीही चांगलं लागतं.

बारावीनंतर 5 वर्षांचा किंवा पदवीनंतर 3 वर्षांचा अभ्यासक्रम, त्यासाठी राज्याची सीईटी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. मग बार कौन्सिलकडे सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेसाठी खुल्या गटाकडून 750 रुपयांहून जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं आहे. ज्युनिअर म्हणून सुरुवातीची काही वर्षं हाती फारसं पडत नाही, तेवढी तयारी घरच्यांनी ठेवावी.

आणि कल ओळखायचा असेल, तर कलचाचणीआधी घरचा सातबारा आणि जुने फेरफार मुलीच्या हातात द्या. तासाभराने तिने मान वर करून "यात आत्याचं नाव कुठे गेलं?" असं विचारलं, तर सीईटीचा अर्ज भरून टाका. आत्याचं काय करायचं ते मग घरात बसून बोला.