व्याजाचा शब्द आणि व्याजाची मुदत



आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक विद्यार्थिनी मध्यंतरी मला भेटायला आली होती. इंटरमीजिएटला तिने दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली आहे. तिला इंग्रजी वाक्यांचा फ्रेंच अनुवाद करायचा होता आणि प्रत्येक वाक्यात 'इंटरेस्ट' हा शब्द होता.

इंग्रजीत बँकेचे व्याज, विषयाची आवड आणि एखाद्याचे हित या तिन्हींना 'इंटरेस्ट' म्हणतात. फ्रेंचमध्येही तिन्हींना 'आंतेरे' हा एकच शब्द चालतो. त्यामुळे 'साँ आंतेरे' हे शब्द कर्जाला जोडले तर ते बिनव्याजी कर्ज होते आणि पुस्तकाला जोडले तर ते पुस्तक नीरस ठरते! मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. पण आपल्याकडेही फसगत होतेच. 'निर्व्याज प्रेम' म्हणजे बिनव्याजी प्रेम, असे उत्तर मी पेपरात वाचले आहे. संस्कृतात 'व्याज' म्हणजे कपट किंवा बहाणा. म्हणून निर्व्याज म्हणजे निष्कपट.

आपल्या काचीगुड्यात तर एका गल्लीत चार भाषा नांदतात. मराठीत व्याज, हिंदीत ब्याज, उर्दूत सूद आणि तेलुगूत वड्डी. चक्रवाढ व्याजाला हिंदीत चक्रवृद्धि ब्याज, उर्दूत सूद-ए-मुरक्कब, तेलुगूत चक्रवड्डी आणि फ्रेंचमध्ये आंतेरे कोंपोझे म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मूलधन अधिक ब्याज म्हणजे मिश्रधन, हे मला पाठ होते. मराठी गणितात त्यालाच 'रास' म्हणतात हे वाचले, तेव्हा मला आधी मेष-वृषभच आठवले होते.

शब्द घडवण्याचे काम आपल्या शहराला नवे नाही. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकवता यावे म्हणून १९१७ साली हैदराबादेत 'दारुत्तर्जुमा' हा अनुवाद विभाग स्थापन झाला. इंग्रजी ग्रंथ आणि पारिभाषिक शब्द तिथे उर्दूत आणले गेले. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, अर्थ पुरा उतरावा लागतो.

अर्थ पुरा उतरला नाही तर काय होते, त्याचा एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आपल्या आठवीतल्या एका मुलाच्या आईने ओळखीच्या सावकाराकडून वीस हजार रुपये घेतले. बोली झाली 'दोन रुपये वड्डी'. कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो मुलाला वाचायला दिला. मुलाने सांगितले, "आई, दोन टक्के व्याज. वर्षाचे चारशे रुपये." वर्ष संपले तेव्हा मागणी आली चार हजार आठशेची. त्या माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "बाई, याला तर गणितात पैकीच्या पैकी मिळाले होते ना?"

मुलाची आकडेमोड बरोबर होती. 'टक्के' हा शब्दही बरोबर होता. राहून गेला तो 'दरमहा'. आपल्या बाजारात 'दोन रुपये' म्हणजे शंभर रुपयांमागे महिन्याला दोन रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. पुस्तकात मात्र नेहमी द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा, असे असते. ती चार अक्षरे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतली, पण बाजारातली बोली कधी वर्गात आणली नाही. ही चूक मुलाची नव्हती, आमची होती. तेव्हापासून सरळव्याजाच्या पाठात एक तास आम्ही त्यासाठी ठेवतो.

म्हणून कोणत्याही भाषेत व्याजाचे वाक्य आले की तीन प्रश्न विचारा.

१. दर किती?

२. तो महिन्याचा की वर्षाचा?

३. व्याज कोणत्या रकमेवर? समजा, १२,००० रुपये एक वर्षासाठी १२ टक्क्यांनी घेतले आणि दरमहा हप्ता भरला. 'फ्लॅट' दराने, म्हणजे पूर्ण मुद्दलावर, व्याज १,४४० रुपये होते. घटत्या शिलकीवर तेच सुमारे ७९४ रुपये होते. दर एकच, पण व्याजात जवळजवळ दुपटीचा फरक!

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी वैयक्तिक कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. पालकांनी ते जरूर मागून घ्यावे. सावकाराच्या चिठ्ठीला मात्र असे संरक्षण नाही. तिथे आपले तीन प्रश्नच कामाचे.

त्या विद्यार्थिनीने जाताना वहीत 'पार मुआ' म्हणजे दरमहा आणि 'पार आँ' म्हणजे दरसाल, असे दोन्ही शब्द लिहून घेतले. तुम्हीही या आठवड्यात घरातला एखादा कर्जाचा किंवा ठेवीचा कागद आईवडिलांसोबत वाचा, तीन उत्तरे वहीत लिहा आणि वर्गशिक्षकांना दाखवा. घरातल्या रकमा लिहू नका, फक्त दर आणि मुदत लिहा.