लॉजच्या खोलीत चूल नको, शिदोरी हवी



पावसाळा सरला की आपल्या वस्त्यांमध्ये प्रवासाची तयारी सुरू होते. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. काही कुटुंबे वर्षभर पैसे साठवून बुद्धगया, सारनाथला जातात. दुसरा प्रवास नाइलाजाचा असतो. पेशंटला घेऊन मुंबईला टाटा हॉस्पिटलला, नाहीतर पुण्याला ससूनला जावे लागते.

दोन्ही प्रवासांत प्रश्न एकच. पाच-सहा माणसांनी तीन-चार दिवस हॉटेलात जेवायचे म्हटले तर खर्च झेपत नाही आणि तेलकट-तिखट खाऊन पोटही बिघडते. मग पिशवीत स्टोव्ह किंवा छोटा गॅस भरला जातो, डाळ-तांदूळ बांधले जातात आणि लॉजच्या खोलीत दार लावून स्वयंपाक होतो. मॅनेजरला वास जाऊ नये म्हणून खिडकीसुद्धा लावून घेतात.

प्रवासातही घरचे खावे, हा विचार बरोबर आहे. धोका आहे तो बंद खोलीतल्या जाळाचा. म्हणून या वेळी आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत : खोलीत जाळ का नको, आणि जाळाशिवाय तीन दिवस पोटभर कसे खायचे.

बंद खोलीतला जाळ

कोळसा, लाकूड, रॉकेल किंवा गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. तो श्वासातून रक्तात जातो आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही.

लक्षणे साधी वाटतात : डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अंग गळून जाणे, झोप येणे. प्रवासात माणूस म्हणतो, दगदग झाली, पित्त झाले, जरा पडतो. तो झोपतो आणि झोपेतच बेशुद्ध होतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ते पित्त समजू नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा, दारे-खिडक्या उघडा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणे, लिंबूपाणी पाजणे यात वेळ घालवू नका. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे शेगडी रात्रभर खोलीत ठेवली जाते. कोळशावर राख धरली तरी आत निखारा असतो आणि वायू निघत राहतो. लहान मुले, गरोदर बाई आणि हृदयाचा आजार असलेली माणसे यांना याचा त्रास सर्वांत लवकर होतो.

गॅसचा धोका वेगळा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साठतो, आणि लॉजमध्ये आपली लेकरे जमिनीवरच अंथरूण टाकून झोपलेली असतात. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. काडी ओढू नका. दार-खिडकी उघडून सगळे बाहेर या आणि बाहेरून मॅनेजरला व १०१ ला कळवा.

रेल्वेत तर बिलकूल नको

गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल, फटाके अशा वस्तू घेऊन रेल्वेने जाणे हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एसटीतही ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाहीत.

हा नियम कशासाठी आहे ते मदुराईत दिसले. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. माणसे लखनौकडून आलेली होती. डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. ९ जणांचा जीव गेला. तीही आपल्यासारखीच माणसे, पुण्य करायला निघालेली आणि घरचे खाऊ पाहणारी. डब्यात कुणी शेगडी, सिलिंडर पेटवलेला दिसला तर १३९ ला फोन करा.

विजेवर काय चालते?

आधी मॅनेजरला विचारा. विजेची वस्तू वापरायला परवानगी असेल तर हिशेब समजून घ्या. प्रत्येक वस्तूच्या तळाशी वॅट लिहिलेले असतात. वॅटला २३० ने भागले की अँपिअर येतात. खोलीतला मोबाइल चार्जरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. दीड हजार वॅटच्या किटलीला साडेसहा अँपिअर लागतात, दोन हजार वॅटच्या इंडक्शन शेगडीला जवळपास नऊ. म्हणजे दोन्ही या सॉकेटला जास्त होतात. वायर तापते, प्लग वितळतो आणि आग भिंतीच्या आतून लागते.

चारशे-पाचशे वॅटचा लहान राइस कुकर छोट्या सॉकेटवर चालतो, कारण त्याला सुमारे दोनच अँपिअर लागतात. एका बोर्डावर एका वेळी एकच वस्तू लावा. एक्स्टेन्शनवर कुकर, चार्जर आणि पाणी तापवायची कांडी एकत्र लावू नका. उघड्या तारेचे हीटर वापरूच नका. कुकर पलंगावर, चटईवर ठेवू नका, फरशीवर ठेवा आणि मुलांना लांब बसवा. ओल्या हाताने प्लग काढू नका. किटलीत फक्त पाणी तापवा. दूध उतू जाऊन आत वायरपर्यंत पोहोचते.

परवानगी नसेल तर वाद घालू नका. बहुतेक ठिकाणी विचारले तर गरम पाणी मिळते, आणि तेवढ्यावर खालची शिदोरी भागते.

सोलापूरची शिदोरी

जाळाशिवाय टिकणारे जेवण आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे आपले रोजचे अन्न आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

कडक भाकरी टिकते कारण तिच्यात ओल राहत नाही, आणि ओल नसेल तर बुरशी धरत नाही. म्हणून भाकरी पातळ थापा, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सुकेपर्यंत भाजा. मोडल्यावर कटकन तुटली पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या डब्यात भरा. गरम भरली तर वाफेचे पाणी होते. हिरवा-काळा डाग दिसला तर तेवढाच तुकडा काढून बाकीची खाऊ नका, सगळी टाका.

चटणीला शेंगदाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळे पडलेले, कुबट वासाचे दाणे काढून टाका. त्यांच्यावरच्या बुरशीचे विष लिव्हरला घातक असते आणि भाजल्याने जात नाही. चटणीत ओला कांदा किंवा ओले खोबरे घालू नका. कोरड्या चमच्यानेच वाढा.

तीन दिवसांचा बेत असा करता येईल.

पहिला दिवस : धपाटे किंवा दशम्या, सोबत केळी. धपाट्यात कांदा, भाजी असते, म्हणून ती त्याच दिवशी संपवा.

दुसरा दिवस : सकाळी भिजवलेले पोहे, त्यात चटणी, लिंबू आणि तिथेच चिरलेला कांदा. दुपारी कडक भाकरी, चटणी, धुतलेली काकडी व टोमॅटो. संध्याकाळी फुटाणे, गूळ.

तिसरा दिवस : कडक भाकरी गरम वरणात किंवा दुधात कुस्करून. वरण जवळच्या खानावळीतून फक्त तेवढेच आणा. सगळे जेवण विकत घेण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडते.

कुकर असेल तर मुगाच्या डाळीची खिचडी करा किंवा घरून भाजून नेलेल्या हुलग्याच्या पिठाचे माडगे उकळा. अंडी तिथेच उकडा आणि गरम खा.

दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी परिसरात अनेक संस्था भोजनदान करतात. ते जरूर घ्या. मात्र ताजे, गरम वाढलेलेच खा आणि रात्रीसाठी भरून ठेवू नका.

भात उरवू नका

तांदळात काही जंतूंचे बीज असते, ते शिजवूनही मरत नाही. भात गार होऊन तसाच पडला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून भात, खिचडी, वरण दोन तासांच्या आत संपवा. संध्याकाळची खिचडी सकाळी मुलांना देऊ नका. थोडी कमीच शिजवा.

पाणी

बाबासाहेबांनी लहानपणच्या एका प्रवासाची आठवण लिहून ठेवली आहे. १९०१ च्या सुमारास ते भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरून पुढे बैलगाडीने जायचे होते. डब्यात भरपूर जेवण होते. पण अस्पृश्य म्हणून वाटेत कुणी पाणी दिले नाही, आणि पाण्याविना ती मुले भरल्या डब्यापाशी उपाशी झोपली. आपली शिदोरी कोरडी आहे, म्हणून पाण्याची सोय आधी पाहायची.

टाकीच्या पाण्याची खात्री नसेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, किंवा क्लोरीनचे थेंब पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचे पाकीट, ज्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. बाळ सुस्त पडले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर थेट दवाखाना.

आजारी माणसाची शिदोरी

शुगरचा पेशंट रांगेत, मिरवणुकीत जेवण चुकवतो पण गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते. मग घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे सुरू होते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या, मग खायला द्या. खिशात साखरेची पुडी आणि फुटाणे कायम हवेत. इन्सुलिन उन्हात, गाडीच्या टपावरच्या बॅगेत ठेवू नका, बर्फालाही चिकटवू नका.

बीपीच्या पेशंटसाठी चटणी वेगळी, कमी मिठाची कुटा. लोणचे, पापड, वेफर्स टाळा.

केमोथेरपी चालू असेल आणि तोंडात फोड असतील तर कडक भाकरी, तिखट चालत नाही. मऊ, ताजे, पूर्ण शिजवलेले अन्न हवे. कच्चे काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. अशा पेशंटला घेऊन गेल्यावर पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात राहण्या-जेवणाची चौकशी करा. दादर पूर्वेला श्री गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठीच चालते. लॉजमध्ये चोरून स्टोव्ह पेटवण्याआधी अशा जागांची माहिती घ्या.

पाटी आणि हक्क

लॉजमध्ये ‘खोलीत स्वयंपाक करू नये’ अशी पाटी असते. ती सगळ्यांना लागू असेल तर ती आगीची पाटी आहे, ती पाळायची. पण आडनाव ऐकून, निळा झेंडा पाहून खोली नाकारली किंवा फक्त आपल्यालाच वेगळा नियम लावला तर तो अन्याय आहे. संविधानाच्या कलम १५ प्रमाणे दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथे जातीवरून किंवा धर्मावरून प्रवेश नाकारता येत नाही. वेळ, जागा लिहून ठेवा, साक्षीदार घ्या आणि ११२ ला फोन करा. हक्क मागताना आपल्या हातात चोरून आणलेला सिलिंडर नसावा, म्हणजे आवाज ठाम राहतो.

आणि बाईची सुटी

शेवटचे, पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. दीक्षाभूमीला पोहोचूनही कितीतरी बाया खोलीत पातेल्यापाशीच बसून राहतात. सभा पुरुष ऐकतात, बाई भांडी घासते. शिदोरी असली की ती सुटते. भाकरी थापायला घरातल्या सगळ्यांनी हात लावा, शेंगा मुलांनी सोलाव्यात, चटणी पुरुषांनी कुटावी. तिकडे ज्याने-त्याने आपले ताट धुवावे. बाबासाहेबांच्या स्मारकासमोर उभे राहण्याचा तिचाही हक्क तेवढाच आहे.

बॅग भरताना पाहा

कडक भाकरी, चटणी, पोहे, फुटाणे, गूळ, लिंबू. झाकणाचे डबे, सुरी, साबण. पाण्याच्या बाटल्या, क्लोरीन, ओआरएस. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डॉक्टरांची चिठ्ठी. लहान कुकर, परवानगी असेल तरच. स्टोव्ह, रॉकेल, सिलिंडर घरीच.

सुखरूप जा, सगळेच्या सगळे परत या.

नमो बुद्धाय! जय भीम!