कानस लावण्याआधी

गिटारची तार झणझणली की फ्रेट झिजले, आणि फ्रेट झिजले की ते घासून घ्यायचे, हा सरधोपट हिशेब माझ्या गिटारला भोवला.

नोकरीनिमित्त मिरजेहून म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत आलो, तेव्हा इलेक्ट्रिक गिटारही बरोबर आणली. उन्हाळ्याच्या तोंडावर हवा कोरडी पडली आणि मोकळ्या तारांसकट पहिले तीन-चार फ्रेट झणझणू लागले. दुरुस्तीला दिली. तिथे कानस फिरवून सगळे फ्रेट एका पातळीत आणले गेले, पण झणझण गेली नाही. पुढे एका जाणकाराने पाहिलं, तर नेक (गिटारची दांडी) मागे वाकला होता. नेकच्या आतला, त्याचा बाक कमी-जास्त करणारा ट्रस रॉड जरासा सैल करताच आवाज मोकळा झाला. कानशीने गेलेला धातू मात्र कायमचा गेला.

सतारीचे पडदे, म्हणजे तिचे फ्रेट, दांडीला बांधलेले असतात, ते सरकवता येतात. म्हैसूरच्या वीणेचे पितळी पडदे मेणात बसवलेले असतात, मेण काढून ते नव्याने लावता येतात. गिटारचा फ्रेट लाकडातल्या खाचेत ठोकून बसवलेला असतो. नव्या फ्रेटची उंची जेमतेम १ ते १.४ मिलिमीटर. दर घासणीला त्यातला थोडा भाग जातो आणि शेवटी सगळे फ्रेट बदलण्याचं खर्चिक काम करावं लागतं.

फ्रेट झिजतात हे खरंच. ते बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. पोलादी तार त्याहून कठीण. म्हणून बारीक तारांखाली, कॉर्ड धरतो त्या पहिल्या तीन फ्रेटवर खाचा पडतात, आणि तार ओढून सूर चढवतो तिथे फ्रेटचा माथा सपाट होतो. सपाट माथ्यावर सूर अस्पष्ट आणि किंचित बेसूर लागतो.

पण झणझणीचं कारण दर वेळी झीजच नसतं, म्हणून आधी निदान करा. तारा सुरात लावून एक तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी, हाच नेकचा बाक. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत फीलर गेज सहज मिळतो. तो नसेल तर साध्या कागदाचे दोन-तीन थर चालतात. फटच नसेल तर नेक सरळ किंवा मागे वाकलेला आहे. तेव्हा ट्रस रॉड सैल करा, पण एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नट (पहिल्या फ्रेटआधीची तारांची खाचपट्टी) तपासा. एकाच जागी झणझण असेल तर लागोपाठच्या तीन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवा. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे.

रोजची निगा सोपी आहे. वाजवून झाल्यावर तारांवरचा घाम सुती फडक्याने पुसा. तारेच्या खालच्या बाजूला खडबड लागली की तार बदला. सूर उमटेल इतकंच दाबा. फ्रेट चमकवायला बारीक स्टील वूल वापरत असाल तर फ्रेटबोर्डवर आणि पिकअपवर चिकटपट्टी लावा. नाहीतर पोलादाचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो.

एवढं करूनही गिटार दुरुस्तीला द्यावी लागली, तर कानस लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: नेकचा बाक किती भरला? आकडा मिळाला तरच पुढचं काम करू द्या.