पक्ष्यांच्या फोटोंसाठी कोणता मिररलेस कॅमेरा घ्यावा?

पक्ष्यांच्या छायाचित्रणात कॅमेऱ्याआधी लेन्स ठरवावी लागते, कारण पक्षी जवळ येऊ देत नाही. एपीएस-सी सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान. त्यावर 400 मिमीची लेन्स साधारण 600 मिमीइतकी चौकट टिपते, शिवाय वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यात, डुलत्या होडीतून रोहित पक्षी टिपताना हे हलकेपण खांद्याला कळते. पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवणारा ऑटोफोकस हवाच. सायलेंट शटर मात्र पारखून घ्यावे: सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि ते वाचन संथ असेल तर फडफडणारे पंख वाकडे उमटतात. अशा वेळी मेकॅनिकल शटरच बरे. पहाटेच्या अंधुक उजेडात फुलफ्रेम सरस. लग्नसमारंभही टिपायचे असतील तर तोच घ्यावा.