जपानी भाषेची दुसरी पायरी

मराठी विद्यार्थ्याला जपानी भाषेचा आरंभ फारसा जड जात नाही. तिची अक्षरे 'आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को' अशा ओळखीच्या क्रमाने येतात. संस्कृत वर्णमाला अभ्यासणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून हा क्रम तेथे रूढ झाला. वाक्याची ठेवणही परकी वाटत नाही. 'टोकियोहून आलो' याला जपानी मनुष्य 'तोक्यो कारा किमाशिता' म्हणतो. आपल्या 'हून'प्रमाणे त्याचा 'कारा' नामामागून येतो आणि क्रियापद शेवटी बसते. तेव्हा शब्द पाठ केले की भाषा आली, असे नवशिक्यास वाटू लागते.

दुसऱ्या पायरीवर हा भ्रम फिटतो. कांजी, म्हणजे मूळची चिनी चिन्हे, तेथे वाढू लागतात. २०१० साली नित्य वापरासाठी अशी २,१३६ चिन्हे ठरविण्यात आली. ती गिरवूनच येतात, असे माझे मत आहे. परंतु खरी कसोटी बोलताना लागते.

'मित्राने मला पुस्तक दिले' आणि 'मी मित्राला पुस्तक दिले' या दोन्ही वाक्यांत मराठीला 'दिले' हे एकच क्रियापद पुरते. जपानीत दुसऱ्याने आपणांस दिले, तर 'कुरेमाशिता'. आपण दुसऱ्यास दिले, तर 'आगेमाशिता'. सर्वनामे तर तेथे बहुधा गाळलेलीच असतात! कोणी कोणास दिले, हे क्रियापदावरूनच ओळखावयाचे. कोणी आपणांस वाट सांगितली, तर 'ओशिएते कुरेमाशिता' म्हणावे. नुसते 'ओशिएमाशिता' म्हटल्यास आपणच कोणाला तरी वाट सांगितली, असे ऐकणारा समजेल. उपकार करणारा बाजूलाच राहील.

आदराच्या बाबतीत तर मातृभाषेची सवयच आड येते. आपण 'माझे वडील आले' असे आदरार्थी बहुवचन वापरतो. जपानी मनुष्य घरात वडिलांना 'ओतोसान' अशी आदराने हाक मारतो. पण परक्याशी बोलताना त्यांनाच साधे 'चिची' म्हणतो आणि त्यांच्या येण्याला 'माइरिमाशिता' हे नम्रतेचे क्रियापद लावतो. 'इराश्शाइमाशिता' हे आदराचे रूप समोरच्याच्या वडिलांसाठी राखलेले. कचेरीतही हाच नियम चालतो. बाहेरच्या पाहुण्याशी बोलताना तेथील मनुष्य आपल्या वरिष्ठाच्या नावालाही 'सान' जोडीत नाही.