आधी लव, मग सेन्सर

न्यू जर्सीतल्या आमच्या वसाहतीत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला मनाई आहे. त्यामुळे बेसमेंटातला ड्रायर रुसला की घरादाराचं अडतं. आमचा आणि मित्रमंडळींचे ड्रायर उघडून बघता बघता जे ध्यानात आलं, ते असं.

१. कपडे चटका बसेल इतके गरम आणि तरी दमट निघाले, तर सेन्सर बहुधा निर्दोष असतो. नुसत्या उष्णतेने कपडे वाळत नाहीत, वाफ बाहेर न्यायला हवा वाहावी लागते. मागची चार इंची नळी लवेने तुंबली की वाफ आतच कोंडते आणि हीटर संरक्षक थर्मोस्टॅटवर बंद-चालू होत बसतो. नळी सोडवून थोडा वेळ चालवून बघा. कपडे भराभर वाळू लागले तर चोर सापडला. हे फक्त विजेवरच्या ड्रायरला. गॅसवरचा असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरेल, नळीला हात लावू नका.

२. लवेची जाळी दिसायला स्वच्छ असली तरी खात्री नाही. सुगंधी ड्रायर शीट वापरणाऱ्यांच्या घरी तर मुळीच नाही. तिच्यावर नळाचं पाणी सोडा. पाणी वर साचलं तर मेणचट थर बसलाय. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश.

३. 'सेन्सर गेला' म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठला? ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्या ओलावा ओळखतात, तापमान नाही. ऑटोवर मशीन लवकर थांबतं, पण वेळ लावून चालवलं की कपडे ठणठणीत वाळतात, असं असेल तर त्या पट्ट्या स्पिरिटने पुसा आणि चहा घ्या.

४. एवढं करूनही भागलं नाही तर थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर. प्लग काढायचा, बटणावर भिस्त ठेवायची नाही. हीटरला २४० व्होल्ट जातात. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला. पंख्याच्या आवरणावर, बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेत, दोन वायरींचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बसवलेला असतो. वायरी काढूनच मीटर लावा, नाहीतर सर्किट बोर्डाचा रोधही मोजला जाईल.

अनेक ड्रायरमध्ये हा २५ अंश सेल्सियसला सुमारे १०,००० ओहम दाखवतो. तापला की आकडा उतरतो, गारठला की चढतो. जानेवारीत आमचं बेसमेंट १२-१३ अंशांवर असतं, तेव्हा सतरा-अठरा हजार दिसले तरी बिचारा बरोबरच बोलतोय. नेमका तक्ता मशीनच्याच पोटात, घडी करून ठेवलेल्या तांत्रिक कागदावर बऱ्याचदा मिळतो. तो लवेत माखलेला असतो, पण इंटरनेटवरच्या दहा सल्ल्यांपेक्षा भरवशाचा.

एकच आकडा बघून निकाल देऊ नका. थर्मिस्टर मुठीत धरा, आकडा सावकाश घसरायला हवा. मग हेअर ड्रायरची ऊब द्या. आमचा थंड असताना अगदी शहाण्यासारखा १०,००० च्या आसपास होता. गरम वारा लागला आणि पाच हजारांच्या खाली येता येता मीटरवर एकदम 'ओ.एल.', म्हणजे आत कुठेतरी जोड तुटलेला. निवला की पुन्हा पूर्ववत. असा लबाड थंडपणी कधीच पकडला जात नाही.

आकडा तक्त्यापेक्षा बराच वर असेल, तर बोर्डाला वाटतं अजून गारच आहे, आणि कपडे भाजून निघतात. बराच खाली असेल तर उलट: हीटर लवकर बंद, कपडे ओले.

५. थर्मिस्टर ठीक आणि तक्रार कायम, तर बोर्डाच्या टोकाला त्याच दोन वायरींवर मोजा. तिथे आकडा वेगळा आला तर वायर किंवा तपकिरी पडलेला कनेक्टर. महागडा बोर्ड मागवायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम कराच.

६. थर्मल फ्यूज उडाला असेल तर वायर जोडून त्याला वळसा घालणाऱ्याचं ऐकू नका. तो एकदाच उडतो, आणि उगाच नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० साठी ड्रायरमुळे घरांना लागणाऱ्या आगींचा अंदाज वर्षाला सुमारे २,९०० असा काढला होता. त्यातलं सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं.

७. नवा थर्मिस्टर मॉडेल नंबर जुळवूनच घ्या. दिसायला सारख्या दोघांचे तक्ते वेगळे असू शकतात. बसवल्यावर घराबाहेरच्या झडपेत थर्मामीटर धरा. साधारण ५० ते ७० अंशांच्या दरम्यान पारा वर-खाली होत राहिला, तर पत्रा परत लावायला हरकत नाही.